दुपट्यावरचा नळ

चिमणीला नववा लागला, तशी मावशीच्या बोटांना घाई सुटली.

खिडकीपाशी शिवणयंत्र, यंत्रापाशी टोपली, टोपलीत घरादाराचे जुने कपडे. कुणाच्या सदऱ्याची बाही, कुणाच्या चादरीचा कोपरा. तुकड्याला तुकडा जोडत बाळाचं दुपटं होत आलं. मधला चौकोन तेवढा मावशीनं कोरा ठेवला होता, ताईच्या चित्रासाठी.

ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, चिमणीची आई. चिमणी शाळेत होती तेव्हाच ती गेली, आणि मावशीनं पोरीला पदराखाली घेतलं. ताईनं लहानपणी काढलेलं एक चित्र चिमणीनं जपून ठेवलं होतं. मावशीनं ते कधी पाहिलं नव्हतं. बाळाला आजीची ऊब मिळावी ती त्या चित्रातूनच, असं दोघींनी ठरवलं होतं.

चिमणीनं ऑफिसातून ईमेल धाडला. "आईचं चित्र सोबत जोडलंय. जसंच्या तसं भर हं मावशी, काही सुधारू नकोस!"

मावशीनं ईमेल उघडला. तळाशी, चिमणीच्या नावाखाली, एक नळ होता. त्यातून पडणारे तीन निळे थेंब.

मावशीचे यजमान, काका, डोकावले. "पोरं घर काढतात, झाड काढतात. तुझ्या बहिणीनं नळ काढला?"

"तिचं सगळंच जगावेगळं! आणि आमच्याकडे पाणी भरायचं काम तिचंच होतं, म्हटलं."

मावशी भरत बसली. सुई खाली गेली की ताई आठवे, वर आली की चिमणी.

चिमणी रजा घेऊन आली. दुपटं उलगडलं, आणि पोट धरून हसत सुटली.

"अगं मावशी, हा आमच्या कारखान्याच्या बोधचिन्हातला नळ! प्रत्येक ईमेलखाली आपोआप येतो."

"मग ताईचं चित्र?"

"फाइल जड होती. वाटेतच गळली असणार."

"आणि कुणी सांगायचं नाही?"

"ईमेलवाले कधी सांगतात, कधी सांगत नाहीत. मीच विचारायला हवं होतं, मिळालं का म्हणून."

मावशीचा चेहरा एवढासा झाला. तिनं उसवायला कात्री उचलली.

"थांब," म्हणत चिमणीनं पर्समधून घडीचा कागद काढला. कागदावर तीन बदकं होती. दोन ऐटीत पुढे चाललेली, तिसरं मागे राहून चोच वासून ओरडणारं.

मावशीनं मागच्या बदकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ही मागची मी. 'ताई थांब, ताई थांब' करत रडायचे."

कात्री टोपलीत गेली. "राहू दे नळ. बदकांना पाणी नको का?"

काका म्हणाले, "तेवढा तो बंद करायलाही कुणीतरी भर, नाहीतर बाळ रोज भिजेल!"

"ते काम बाळाचंच," चिमणी म्हणाली.

थेंबांखाली बदकं उतरली. नळाचा शेवटचा थेंब मागच्या बदकाच्या उघड्या चोचीवर नेमका आला.