एक काना जास्त

चित्रकथांच्या साप्ताहिकात अक्षरं काढणारी बाई म्हणजे कोणीच नसते. पहिल्या पानावर लेखकाचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, मालकांचं तर दोनदा. माझं कुठेच नाही. अकरा वर्षं मी पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांमध्ये अक्षरं भरतेय आणि वाचणाऱ्यांना वाटतं, ती कागदावर आपोआप उगवतात.

आमचा नायक ससाणा. डोळ्यांवर मुखवटा, पाठीवर निळा झगा, आणि पोटऱ्या अशा की कुठल्याही माणसाला नसतील. त्याची वैरीण साळुंकी. तिच्यापुढे कुठलीही तिजोरी टिकत नाही आणि ससाणा तिला दर आठवड्याला पकडता पकडता सोडतो. भाग संपताना ती छपरांवरून पसार होते आणि तो म्हणतो, "आज मी हरलो, साळुंकी." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन.

लेखक टपालाने कथा पाठवायचे. मारामारी झकास लिहायचे, पण लाडीगोडीचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. तिथे ते नुसतं "इथे थोडी थट्टा" असं लिहून मोकळे व्हायचे. मग साळुंकीची थट्टा मी मनानेच फुग्यात भरू लागले. आणि शेजारच्या टेबलावरचे चित्रकार ससाण्याच्या रिकाम्या फुग्यात फिक्या पेन्सिलीने उत्तर लिहून पान माझ्याकडे सरकवू लागले. मी त्यावर शाई फिरवायची.

तोंडाने आम्ही काय बोलायचो? "खिडकी लावू का?" "लावा." बस्स. दोघंही बिनलग्नाचे, दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. पानावर मात्र रान मोकळं. त्यांना चष्मा लागला तेव्हा साळुंकी म्हणाली, "मुखवट्याआड चष्मा लावलात वाटतं? शोभतो हो!" त्या दिवशी चित्रकारांनी तो चष्मा दहा वेळा तरी पुसला. मी तापाने आठवडाभर घरी होते, तर त्या अंकात ससाणा पानभर एकटाच गच्चीवर उभा. फुगा एकच: "आज शहर फार शांत आहे." तोही चित्रकारांच्या वेड्यावाकड्या अक्षरात.

यात ससाणा किती आणि चित्रकार किती, हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. विचारायची छाती नव्हती. ते म्हणाले असते, "अहो, ते तर ससाणा बोलतो," आणि मग मी तोंड कुठे लपवलं असतं?

एका शुक्रवारी मालक हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन आमच्या खोलीत आले.

"पालक चिडलेत," ते म्हणाले. "अकरा वर्षांत एक चोर सापडत नाही! हा वीर आहे का तिच्याकडचा घरजावई? या अंकात तिला बेड्या घाला. शेवटच्या चौकटीत ती म्हणेल, 'मी हरले.' एवढंच. थट्टाबिट्टा काही नको. पुढच्या आठवड्यापासून ससाण्याच्या मागे एक मिशीवाला दरोडेखोर लावू."

"मिशीवालाच का?" मी विचारलं.

"म्हणजे कुणाला शंका यायला नको," मालक म्हणाले आणि निघून गेले.

साळुंकी गेली की माझं बोलणंच संपलं. मिशीवाल्याच्या तोंडून मी काय डोंबल बोलणार होते? मी चित्रकारांकडे बघत राहिले. ते खाली मान घालून बेड्या काढत होते. कड्यांची चकाकीसुद्धा मन लावून काढली. पान माझ्याकडे सरकवलं तेव्हा सगळे फुगे कोरे होते. पेन्सिलीची एक रेघ नाही. मला मालकांचा राग आला आणि यांचा त्याहून जास्त आला. दात-ओठ खात मी फुगे भरले, पान त्यांच्या टेबलावर आपटलं आणि घर गाठलं. छपाईचा ठसा करायला पान खाली छापखान्यात पोचवायचं काम नेहमी चित्रकारच घरी जाता जाता करत.

घरी मी आणि माझी थोरली बहीण. जेवायला वाढताना ताईने विचारलं, "मग? शेवटी काय म्हणाली गं तुझी साळुंकी?"

"'मी हरलो', म्हणाली."

ताईचा हात तसाच थांबला. "हरलो? अगं, ती बाई ना?"

मी घास ताटात ठेवला. जीभ घसरली नव्हती, दुपारी हातच घसरला होता. फुगा डोळ्यांसमोर लख्ख आला. 'हरले'च्या जागी 'हरलो'. एक काना जास्त. रागाच्या भरात हाताने आपलं सवयीचं वाक्य लिहून टाकलं होतं, आणि फुग्याचं शेपूट साळुंकीच्या तोंडाशी!

ताई हसून हसून भिंतीला टेकली. मी मात्र रडायला लागले. "उद्या मालक मला हाकलून देतील."

"ते काही देत नाहीत. आणि तू नोकरीसाठी रडत नाहीयेस," ताई म्हणाली. "सगळं शहर दर शनिवारी वाचतंय तुमचं. तुम्हा दोघांनाच काय ते कळत नाही."

"तू गप्प बस गं!"

सकाळी धावतपळत छापखाना गाठला, तर अंकांचे गठ्ठे बांधून तयार. मी एक प्रत ओढली आणि उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं.

काना तिथेच होता. "मी हरलो." पण फुग्याचं शेपूट साळुंकीकडे नव्हतंच. जुनं शेपूट पांढऱ्या रंगाने पुसून नवं काढलेलं, आणि ते थेट ससाण्याच्या ओठांशी. बेड्याही बदलल्या होत्या. एक कडी तिच्या मनगटात, दुसरी त्याच्या. साळुंकी हसत होती. तिच्या गालावर खळी होती, ती कालपर्यंत नव्हती. माझ्या गालावर आहे.

तेवढ्यात मालक अंक फडकवत आले. "हे काय? तिला पकडायची म्हटलं होतं मी!"

"पकडलीय की," मागून चित्रकार म्हणाले. "बेडी दिसतेय ना?"

मालकांनी पान उलटं केलं, सुलटं केलं. छापखान्यातले दोघं ते पान तिसऱ्यांदा वाचत होते आणि गालातल्या गालात हसत होते. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, एक उसासा टाकला. "बरं, मिशीवाल्याचं पुढे बघू," म्हणाले आणि आत गेले. माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही जिना चढून खोलीत आलो. मी खिडकी लावली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "एक उभी रेघ तर खरवडायची होती. ब्लेड तुमच्या टेबलावरच असतं."

"होतं की."

"मग शेपूट कशाला वळवलंत? रात्री उशिरापर्यंत बसला असाल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाक्य बरोबरच होतं. फक्त चुकीच्या माणसाच्या तोंडात पडलं होतं."

"ससाण्याचं ना ते?" शेवटी विचारलंच मी.

"नाही," ते म्हणाले. "माझं. अकरा वर्षं झाली मला हरून."

एवढं सोपं होतं ते. मी माझ्या खुर्चीत बसले. समोर कोरं पान होतं, पेन्सिल होती, शाई होती. मी कशालाच हात लावला नाही.

"मीही हरले," मी तोंडाने म्हणाले, आणि या वेळी काना पडला नाही.