राखेतली चवळी

आमच्याकडं लेकरालाबी ठाऊक असतंय, डब्यातली चवळी खायची अन् राखेतली पेरायची. राखेतल्या दाण्याला पेरणीबिगर हात लावायचा न्हाई. हे कुठं लिहून ठेवलेलं न्हाई. पुण्याच्या सुनेला ते कोण सांगणार? मी सांगायला पाह्यजे होतं. मी दुसरंच सांगितलं.

लक्ष्मीबाई, माझी बायको, गेल्या दिवाळीत गेली. जायच्या आदी महिनाभर तिनं चवळीचं बी वाळवलं, चाळलेल्या राखेत कालवून मडक्यात भरलं अन् मडक्याचं तोंड शेणानं लिंपून टाकलं. हे बी तिनं लग्न होऊन आली तवा सेनगावाकडून पदरात बांधून आणलं होतं. लाल दाणा, अन् डोळ्याभोवती पांढरं कडं. दुकानात असली चवळी भेटत न्हाई. दर साली तुरीच्या कडंला दोन तासं, म्हंजी दोन ओळी, तिचीच असायची. पेरणीच्या आदी ती शिरडच्या आमच्या गल्लीतल्या बायांना पसा पसा बी द्यायची, चवळी निघाली की त्या दोन पसे वापस आणून द्यायच्या. चाळीस साल हे असंच चाललं.

मे महिन्यात पोरगं बुद्धभूषण अन् सून करुणा आठ दिवसांसाठी आले. करुणा दवाखान्याच्या लॅबमधी कामाला, दिवसदिवस उभी राहती. पोरगी मनानं चांगली. आल्या दिवशी पार थकलेली, तरी पिशवीतून शिजवलेल्या राजम्याचे चार टिन काढले. एक फोडला, कांदा-टमाट्यात परतला, अन् अर्ध्या घंट्यात ताट समोर.

मी जेवलो. दोन वाट्या जेवलो. मंग हात धुता धुता माझ्या जिभेला खाज सुटली.

"पोरी, हे माणसानं शिजवलं का मशीननं?"

ती हसली. तिथंच थांबायला पाह्यजे होतं. मी म्हणलो, टिनातलं पाणी साबणाच्या पाण्यासारखं दिसतंय, असलं खाऊनच शहरातली माणसं पिवळी पडून राहिलीत. लक्ष्मी चूल पेटवायची तर वास सिद्धेश्वरच्या धरणापोत जायचा. अन् कोनाड्यातल्या मडक्याकडं बोट करून म्हणलो, "त्यातली चवळी एक डाव खाल्ली असती ना, तर टिन हातात धरला नसता."

बुद्धभूषण म्हणला, "बाबा, वर्षातून आठ दिवस सुटी भेटती तिला." करुणा भांडे उचलून मोरीत गेली अन् लई वेळ तिथंच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी मी चष्म्याची काडी बसवायला औंढ्याला गेलो. दुपारी वापस आलो तर अंगणात सतरंजी, अन् गल्लीतल्या सात-आठ बाया जेवायला बसलेल्या. करुणा चुलीपुढं. गॅस असताना चूल. धुरानं डोळे लाल झालेले, हाताला राख.

"मामा, तुमी म्हणलात ना, म्हणून केली. रातीच भिजत घातली होती, तुमाला कळू न देता. राख निघता निघेना, सात पाणी लागले. आईंच्या नावानं गल्लीला जेवू घातलं."

मी कोनाड्याकडं पाह्यलं. मडकं न्हाई. ते भायेर उन्हात पालथं पडलेलं, धुऊन घासून.

"सगळी केली?"

"सगळी. थोडी ठेवून काय करायची, मामा? किडली असती."

सारं तोंडापोत आलं होतं. पण पोरगं तिच्याकडं पाहून राहिलं होतं, लगीन झाल्यापासून पहिल्यांदा इतकं खूश. अन् याच जिभेनं दोन दिवसाआदी मी तिला मोरीत बसवलं होतं. मी सतरंजीवर बसलो. म्हणलो, वाढ.

समोर शकुबाई बसली होती. लक्ष्मीची मैतरीण, तोंडानं लई तिखट. आयुष्यात तिनं मला नीट बोलू दिलं न्हाई. तिनं पहिला घास घेतला अन् थांबली. बोटानं एक दाणा ताटाच्या कडंला सारला.

"भाऊजी, ही कुठली चवळी?"

"औंढ्याच्या बाजारातली."

"बाजारात लाल चवळी कवापासून यायला लागली?"

"तुला काय करायचं? भाकर घे."

दुसरा दिवस असता तर तिनं माझी पंचाईत केली असती. त्या दिवशी तिनं करुणाकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् खाली मान घालून वाटी पुसून खाल्ली. करुणानं अजून पाह्यजे का विचारलं तर म्हणली, वाढ बाई, तुझ्या सासूच्या हाताची याद आली.

जाताना दारात मला हळूच म्हणली, "माझं पोरगं सोयाबीनवर गवत जाळायचं औषध मारतंय. दोन साल झाले, चवळी जळून जाती. शेजारच्या शितलकडंबी बी न्हाई, गल्लीत कोणाकडंच न्हाई. मी तुमच्या मडक्याच्या भरवशावर होते."

मी म्हणलो, चप्पल नीट घाल.

चवळी चांगली झाली होती, हे सांगायला पाह्यजे. लक्ष्मीची थोडी जास्त तिखट असायची, एवढंच.

जूनमधी पेरणीला ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, या दोन तासात काय टाकू? म्हणलो, राहू दे. त्यानं माझ्याकडं येड्यासारखं पाह्यलं अन् पुढं गेला.

करुणाचा दर रविवारी फोन येतोय. आता टिन आणणार न्हाई म्हणती, तुमाला सुकं कडधान्यच आवडतं. मागच्या महिन्यात गाववाल्याच्या हाती दोन किलो चवळी पाठवली, पांढरी, मॉलमधली. मी म्हणलो, शाबास, बरं केलंस. ती डब्यात भरून ठेवली. मडकं कोनाड्यात वापस ठेवलंय, रिकामं.

तिनं आणलेल्यातले उरलेले तीन टिन फळीवर तसेच होते. एका दिवशी भाजी करायचा कंटाळा आला म्हणून एक फोडला. गरमबी केला न्हाई. भाकरीसंगं तसाच खाल्ला. मऊ होता, दाताला तकलीफ न्हाई. मीठ बराबर. एकबी दाणा कच्चा न्हाई.

गोड लागला. अन् खरं सांगायचं तर पहिल्या दिवशीबी गोडच लागला होता.