बसलाय म्हणजे बसलाय

घरातल्या तीन बायकांनी मिळून मराठीची पार वाट लावली आहे, अशी स्टोअरकीपरची जुनी तक्रार होती, आणि या सगळ्याच्या मुळाशी होता एक बोका. संध्याकाळी कामावरून दमून यावं, बेल वाजवावी, तर आतून थोरली मुलगी ओरडणार, "मी मांडकैदेत आहे!" म्हणजे बोका तिच्या मांडीवर झोपलाय, सबब तिला उठता येत नाही. हे कारण त्या घरात सर्वमान्य होतं. मग धाकटी सावकाश येऊन दार उघडेपर्यंत घरचा कर्ता पुरुष पिशव्या सांभाळत बाहेर उभा. कधी बोका मोकळा असला तर आणखी पंचाईत, कारण तो उघड्या दारात दारेंगाळायचा. धड आत नाही, धड बाहेर नाही, आणि त्याला पायाने सारलं की तिघी एकदम अंगावर धावून यायच्या.

शब्द धाकटी घडवायची, थोरली वापरात आणायची आणि बायको त्यावर शिक्कामोर्तब करायची. वाटीच्या कडेने दाणे भरपूर असले, पण मधोमध तळ दिसला की बोका सात दिवसांचा उपाशी असल्यासारखा गळा काढायचा. ते तळदर्शन. तुमच्या डोळ्यांत डोळे घालून तुमचाच चष्मा टेबलाच्या कडेपर्यंत ढकलत न्यायचा आणि खाली पाडायचा, ही पाडपाहणी. चारही पाय पोटाखाली घेऊन मजेत बसला की तो उशावला. आणि पाठ कुबडी, कान मागे, सगळा भार पंज्यांवर, असा अवघडून बसला की तो गाठोडला.

"अगं, बसलाय म्हणा ना सरळ!" स्टोअरकीपर करवादायचा. "बसला, उठला, झोपला. मांजराला तीन शब्द रग्गड झाले."

त्याच्या ताब्यात यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम होतं. अकरा हजार वस्तू, प्रत्येकीला एक नाव, एक नंबर, एक खण. तिथे कुणी वॉशरला लाडाने काही म्हणायला लागलं तर दुसऱ्या दिवशी कारखाना बंद पडला असता. दिवसभर हे सांभाळून घरी यायचं आणि 'बाबा, पाडपाहणी चालू आहे, चष्मा उचला' हे ऐकायचं. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि बायको दोन्ही मुलींना घेऊन तिच्याकडे गेली. घरात उरले दोघं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"बाबा, तो काय करतोय?"

"बसलाय."

"उशावलाय की गाठोडलाय?"

"बसलाय."

"नीट सांगा ना. कान कसे आहेत?"

"कान डोक्यावर आहेत! मी आत्ता कामावरून आलोय, माझी परीक्षा घेऊ नकोस. बसलाय म्हणजे बसलाय!" आणि त्याने फोन ठेवून दिला.

बोका कोपऱ्यातल्या वाळूच्या ट्रेमध्ये होता. पाठ कुबडी होती, कान मागे होते. गाठोडला हा शब्द स्टोअरकीपरच्या अगदी ओठांवर आला होता. पण इतकी वर्षं ज्यावरून भांडलो तो शब्द आपल्याच तोंडून काढायचा, हे त्याच्या जिवावर आलं. त्याने तो गिळला.

सकाळी बोक्याने उलटी केली आणि पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कण्हू लागला. स्टोअरकीपरने त्याला टोपलीत घातलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"बसून असतो."

"मांजरं बसतातच. कसा बसतो?"

बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ पोपटाचा पिंजरा घेऊन बसले होते. स्टोअरकीपरने आवाज खाली आणला. "उशावत नाही, बाई. कालपासून गाठोडलाय. तळदर्शन झालं तरी ओरडला नाही. म्हणजे असं, की वाटीचा तळ..." सांगता सांगता तो कानापर्यंत लाल झाला, पण सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"आणि लघवी?"

"वाळू कोरडी आहे."

त्यांनी बोक्याचं पोट चाचपलं. ते चेंडूसारखं टणक झालं होतं. "मार्ग अडलाय," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी आणलं असतंत तर इतकं अवघड नव्हतं."

नळी घालून बोक्याला तिथेच ठेवून घेतलं. निरोप मिळताच तिघी परतल्या. स्टोअरकीपरला काहीही सांगता आलं असतं, पण त्याला ते जमलं नाही. "गाठोडला होता," तो म्हणाला. "मला दिसत होतं. मी बोललो नाही."

"अहो, एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?" बायको म्हणाली. तिचं तरी बरं, बोलली. धाकटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. संध्याकाळपर्यंत बोक्याने आपलं आपण करायला हवं, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि या वयात तो ती सोसेलच असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आत एकालाच बसता येणार होतं. धाकटी उठली.

"मी बसतो," स्टोअरकीपर म्हणाला. ती तोंड फिरवून पुन्हा खाली बसली.

पाच तास तो पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून होता. कंबर मोडून आली, चहासुद्धा घेतला नाही. बोका त्याच्याकडे पाठ करून पडलेला. "अकरा हजार वस्तू सांभाळतो मी," स्टोअरकीपर दातओठ खात त्याला म्हणाला, "तुला एवढं एक काम होत नाही? किती अंत पाहशील रे माणसाचा?" मग आपण आजारी मांजरावर ओरडतोय हे ध्यानात आलं आणि तो स्वतःवरच चिडला.

साडेचार वाजता बोका उठला. लटपटत वाळूत गेला, दोनदा गोल फिरला आणि बूड टेकलं. आधी काहीच नाही. मग वाळूत बारीक आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला आणि होतच राहिला.

स्टोअरकीपर स्टूल पाडून बाहेर धावला. बाहेर अनोळखी माणसं होती, कुत्रा घेतलेलं जोडपं होतं, मांडीवर ससा घेतलेल्या एक आजी होत्या. त्याने चारचौघांत हा शब्द जन्मात कधी उच्चारला नव्हता.

"मुतला!" तो ओरडला. "अगं, मुतला! स्वतःहून मुतला!"

आजींनी सशाचे कान झाकले. बायको मटकन बाकावर बसली आणि रडायलाच लागली. धाकटी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती?" तिने विचारलं.

त्याने हाताने दाखवायला घेतलं, पण हात इतके थरथरत होते की माप काही दाखवता येईना. "खूप," तो म्हणाला. "खूप गं."

तिने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले.