छाटणीची तारीख

दिंडोरीकडच्या, द्राक्षं निवडून पॅक करणाऱ्या एका पॅकहाउसचं सॉफ्टवेअर मृण्मयीने एकटीने उभं केलं होतं. कोणत्या शेतकऱ्याचा कोणता प्लॉट, कोणतं वाण, द्राक्षं तोडणीला कधी येणार, सगळं त्यात. डेटाबेसमधला कॉलम न् कॉलम तिच्या हातचा. त्यामुळे नवी आवृत्ती करायची ठरली तेव्हा ते काम आपल्याकडेच येणार, हे ती धरूनच चालली होती. श्रेयससरांनी ते यशश्रीला दिलं. यशश्री ओझरची, वडील विमानाच्या कारखान्यात, तिला नोकरीला लागून अजून वर्षही झालं नव्हतं.

"नव्या पद्धतीने करायचंय, तिचा हात बसलाय त्यात," सर म्हणाले. "आणि मंजुरीला तू आहेसच. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

मंजुरी म्हणजे दुसऱ्याचं काम ओळीनओळ वाचायचं आणि पटलं तर बटण दाबायचं. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात एवढं झाल्याखेरीज काहीच पुढे जात नसे.

जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माहिती आणायला मृण्मयीने हाताने वेगळी क्वेरी लिहिली होती. यशश्रीने 'प्लॉट' नावाचा एक ऑब्जेक्ट केला, त्याला मालक, वाण, क्षेत्र, छाटणी अशी फील्डं दिली, आणि कोणतं फील्ड टेबलातल्या कोणत्या कॉलमला जोडायचं ते एकेका ओळीत सांगून टाकलं. बाकीचं आपोआप. मृण्मयीची कित्येक वर्षांची मेहनत एका पानात मावली.

पान स्वच्छ होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. पूर्वी सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीन बघायचे. आता ते पलीकडच्या खुर्चीमागे उभे असत.

"यशश्री, तू तर ताईंना रिटायर केलंस," शेजारच्या टेबलावरचा अमित डबा खाताखाता म्हणाला.

"गप रे," यशश्री हसली. "ताईंनी टेबलं केली म्हणून मी जोडतेय. नाहीतर काय जोडणार होते?"

ती हे मनापासून म्हणाली, हे मृण्मयीला दिसत होतं. त्याचाही तिला राग आला.

त्या दुपारी ते पान तिच्याकडे मंजुरीला आलं. ती वाचत गेली ती चूक शोधतच, आणि चूक सापडली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार व्हायला. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. तोडणीचे दिवस मोजायचे ते गोडीपासून. मृण्मयीच्या टेबलात त्यांना 'छाटणी एक' आणि 'छाटणी दोन' असे दोन कॉलम होते. यशश्रीने एकच फील्ड केलं होतं आणि ते पहिल्याला जोडलं होतं. दोन्हीकडे तारीखच असल्यामुळे प्रोग्रॅम तक्रार करणार नव्हता. चाचणीच्या नोंदींत तर कुणीतरी दोन्ही कॉलमांत एकच तारीख कोंबलेली होती, त्यामुळे उत्तर बरोबरच येत होतं.

एक वाक्य लिहून ते परत पाठवायचं, एवढंच काम होतं. मृण्मयी बाटलीतलं पाणी प्यायली, तिने झाकण घट्ट लावलं आणि मंजुरीचं बटण दाबलं.

गुरुवारी पॅकहाउसचे दिवाकरराव नवी आवृत्ती बघायला आले. यशश्रीने खरा डेटा लावला होता. "काका, तुमचाच प्लॉट उघडते," ती म्हणाली. स्क्रीनवर तोडणीची तारीख आली. ऑगस्टची.

दिवाकररावांनी चष्मा वर केला. "म्हणजे पोळ्यालाच आमचा माल तोडून झाला म्हणा की. डिसेंबर लागला तरी आम्हाला नाय कळलं."

अमित हसला आणि लगेच आपल्या स्क्रीनकडे वळला. यशश्रीचे कान लाल झाले. मृण्मयी मान खाली घालून बसली होती. हाच क्षण तिने चार दिवस मनात घोळवला होता, आणि तो हवा तसाच आला होता.

"लय हुशार आहे हे तुमचं," दिवाकरराव चहाचा कप उचलत म्हणाले. "नीट करा आन् बोलवा."

ते गेल्यावर सरांनी ते पान उघडलं. जोडणीच्या ओळीवर बोट ठेवलं, मग खाली मंजुरी देणाऱ्याचं नाव वाचलं, आणि यशश्रीकडे न बघता मृण्मयीकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"तिला द्राक्षातलं माहीत नाही. पण तुझ्या नजरेतून सुटलं?"

सुटलं नव्हतं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार होतं.

"सुटलं," ती म्हणाली.

"ताई, होतं असं," यशश्री हलकेच म्हणाली. "माझ्याही नजरेतून नाही का सुटलं?"

त्या दोघींना एका ओळीत बसवणारं हे वाक्य मृण्मयीला थपडेसारखं लागलं. सर केबिनकडे जाता जाता म्हणाले, "यापुढे अमितही वाचेल. दोन नजरा असलेल्या बऱ्या."

संध्याकाळच्या आत दुरुस्ती आली. यशश्रीने आता दोन फील्डं केली होती, 'खरडछाटणी' आणि 'गोडीछाटणी'. इतकी साधी नावं कॉलमांना द्यायचं आपल्याला कधी सुचलं नाही, हे मृण्मयीला टोचलं. खाली यशश्रीने एक तपासणीही घातली होती: गोडी छाटणी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधली नसेल तर नोंद घ्यायचीच नाही.

मृण्मयीने ती ओळ पुन्हा वाचली. अमितने आधीच मंजुरी दिली होती. ती गप्प बसली असती तर याही वेळी कुणाला कळलं नसतं.

केबिनचं दार उघडं होतं. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"यशश्री, सटाण्याकडे गोडी छाटणी जुलै-ऑगस्टातच करतात, माल लवकर यावा म्हणून. तिकडचा एकही प्लॉट तुझ्या तपासणीतून आत येणार नाही."

"अय्या, हो का? ताई, बरं झालं सांगितलंत."

मृण्मयी तिच्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष केबिनच्या दाराकडे होतं. आत सर फोनवर बोलत होते.

तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने.