गळलेली नावं

उकंडराव सर आखाडा बाळापूरच्या हळद गोदामात आले ते कॉम्प्युटरवर नावं नोंदवणाऱ्या शिलाला पकडायला. तोंडानं मात्र ते एवढंच म्हणाले, "जरा प्रोग्रॅम कसा चाललाय ते पाहतो," आणि तिच्या पाठीमागे येऊन बसले.

या गोदामात शेतकरी वाळवलेली हळद आणतात आणि फिरत्या ड्रममध्ये तिचं पॉलिश होतं. आधी कुणाची, मग कुणाची, हे कॉम्प्युटरवरच्या यादीवरून ठरतं. तो प्रोग्रॅम सरांनी लिहिलेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर पोरांना शिकवायचं म्हणून ते स्वतः प्रोग्रॅमिंग शिकले, आणि रविवारच्या वर्गात दाखला द्यायचा तो याच कामाचा. "पडद्यावर खोकी थोडी ठेवा रे. माणूस ज्या क्रमानं सांगतो त्याच क्रमानं ठेवा. आधी नाव, मग गाव, मग पोती."

आता त्याच प्रोग्रॅममधून नावं गळत होती. पोती आवारात उघड्यावर पडलेली आणि यादीत नाव नाही. गोदामाचे प्रमुख शिवशंकर यांनी गळलेली नावं पाहिली तर सगळी मेंढरंवाल्यांची निघाली. मागच्या साली शिलाच्या सासरच्या तुरीत मेंढरं शिरली होती आणि ते भांडण पोलिसांपर्यंत गेलं होतं. मग काय, ज्यानं त्यानं आपापला धागा जुळवला. "सर, एकदा तुमच्या डोळ्यांनी पाहा," शिवशंकर म्हणाले होते. "ती मुद्दाम नावं गाळत असली तर सोमवारपासून तिला घरी बसवतो."

शिला सातवीत सरांच्या हाताखाली होती. हुशार, पण मनात धरून ठेवणारी. सरांना ते आज नेमकं आठवत होतं.

"सर, काय पाहून राहिले?" शिलानं मान न वळवता विचारलं.

"पडदा."

"पडदा का मला?"

सरांनी नजर पडद्याकडे वळवली.

"लोक काय म्हणून राहिले ते ठावं हाय मला. पर प्रोग्रॅम कोणाचा, हे कोणी इचारत न्हाई."

सरांना ते लागलं. चोराच्या उलट्या बोंबा, असंही मनात येऊन गेलं.

तेवढ्यात खांद्यावर घोंगडी घेतलेला मसाजी खिडकीशी आला. त्याची मेंढरंही होती आणि दोन एकर हळदही. "शिलाबाई, माझं नाव पुन्हा लिवा. ह्या वक्ताला गुरुजींसमोर लिवा."

"लिवलं व्हतं की."

"लिवलं तं गेलं कुठं? बाकीच्यांचं बराबर राहते. आमचंच काहून उडते?"

"मेंढरं चरली असतील यादीत," शिला फटकन बोलली.

सरांनी खुर्ची पुढे सरकवली. शिलानं नाव घातलं, गाव घातलं, पोती घातली. "मोबाईल?"

"पोरगं मेंढरं घेऊन वाशिमकडं गेलं. फोन त्याच्यापाशी."

"नंबर सांगा की त्याचा."

"मला कुठं पाठ हाय?"

तिनं ते खोकं रिकामं ठेवलं. सरांची नजर तिच्या बोटावर. बोट इकडेतिकडे गेलं नाही, सरळ 'नोंदवा' या बटणावर गेलं. सगळी खोकी रिकामी झाली, पुढच्या माणसासाठी तयार.

"झालं," शिला म्हणाली.

"यादी उघड," सर म्हणाले. यादीत मसाजी नव्हता.

"पाहा गुरुजी," मसाजी म्हणाला. "तुमच्या डोळ्यांदेखत."

"पुन्हा लिही, शिला."

शिला खुर्चीवरून उठली. "आता तुमी लिवा."

सरांनी सावकाश, एकेक अक्षर पाहत लिहिलं आणि बटण दाबलं. खोकी रिकामी झाली. यादीत मसाजी नाहीच.

"सर," मागून शिला म्हणाली, "तुमच्या बी तुरीत मेंढरं गेलती का?"

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्रोग्रॅम नकार देतो तेव्हा तो कुठे बोलतो, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पडद्याच्या तळाशी वाकले. काचेवर हळदीचा थर होता. सकाळी पुसला तरी दुपारपर्यंत गोदामात सगळंच पिवळं होतं. सरांनी रुमालानं काच पुसली, पुन्हा तेच लिहिलं, बटण दाबलं. तळाशी फिक्या पिवळ्या रंगाची बारीक पट्टी उमटली: 'मोबाईल क्रमांक नाही. नोंद झाली नाही.' वाचेपर्यंत ती विरूनही गेली.

चूक दाखवणारी खिडकी एकदम तोंडावर आली की माणूस बिचकतो, म्हणून त्यांनी घरच्या स्वच्छ पडद्यावर हा सौम्य रंग निवडला होता. आणि नोंद होवो न होवो, खोकी मात्र रिकामी करून टाकली होती. रिकामी खोकी पाहून कुणीही म्हणणार, झालं. ज्यांचा फोन मेंढरांमागे रानोमाळ फिरतो, त्यांचीच नावं गळणार.

"शिवशंकरला फोन करतो," सर म्हणाले.

"फोनवर नको," शिला म्हणाली. "लोक जिथं बोलले तिथंच सांगा."

सरांनी ड्रम थांबवायला लावला. शिवशंकर आले, आवारातली माणसं जमली. "शिलानं कुणाचं नाव गाळलं नाही," सर म्हणाले. "माझ्या प्रोग्रॅमनं गाळलं."

मग संतराम नावाचा मेंढरंवाला म्हणाला, "गुरुजी, तुमची शाळेतली पोरगी हाय. सांभाळून तं घेत न्हाई ना?"

दोनचार जणांनी मान हलवली. सरांना राग आला आणि लगेच ओसरलाही. सकाळपासून ते तरी वेगळं काय करत होते?

"या, तुम्हीच बसा," ते म्हणाले.

"मी लांब उभी राहते," शिला म्हणाली आणि पार दारापर्यंत गेली.

संतरामनं एका बोटानं स्वतःचं नाव लिहिलं, मोबाईलचं खोकं सोडलं, बटण दाबलं. पट्टी येऊन गेली. त्यानं आणखी एकदा सगळं लिहिलं आणि या वेळी नाक काचेला लावून ती मोठ्यानं वाचली. मग त्यानं सरांकडे पाहिलं. "एवढं लपवून काहून लिवलं?"

"शिला, सोमवारी ये," शिवशंकर दाराकडे पाहत म्हणाले.

"माझं राहू द्या. आधी मसाजीबाबाचं नाव घ्या," ती तिथूनच म्हणाली. "आन हे दुरुस्त केल्याबिगर सरांना जाऊ देऊ नका."