चौथीचे सगळे धडे

चाचणी हा शब्द ऐकला की आमच्या ह्यांचे हात शिवशिवतात. कोथरूडमध्ये शिष्यवृत्ती परीक्षेच्या गणिताचे क्लास घेतात, दुसरं काय होणार! त्यामुळे शाळेने आमच्या मुलीची, उत्कर्षाची, शिकण्याची क्षमता तज्ज्ञांकडून तपासून आणायला सांगितलं, तेव्हा आमचे दिग्विजय सर त्याचीही तयारी करून घ्यायला बसले.

"अहो, ही परीक्षा नाहीये," मी म्हटलं. "ताप मोजायच्या आधी कुणी मुलीला गार पाण्यात बसवतं का?"

"शैला, तयारीने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही," असं म्हणून त्यांनी चौथीचं मराठीचं पुस्तक उघडलं. मुलगी सहावीत, तेव्हा वाचायला दोन इयत्ता खालचा, म्हणजे चौथीतलाच उतारा येणार, हा त्यांचा अंदाज. रोज संध्याकाळी हे एक धडा मोठ्याने वाचत, मग पुस्तक हातात धरून उत्कर्षा वाचे. अगदी घडाघडा. हे खूश.

मला मात्र धास्ती होती. उत्कर्षाला तोंडी काहीही विचारा, उत्तर तयार. छापील कागद पुढे आला की पोरगी मुकी. शाळेच्या मते ती कामचुकार होती. खरोखर अडचण निघाली तर सवलत देऊ, नाहीतर पुन्हा सहावीतच बसवू, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे या चाचणीत पोरीने छान वाचलं की तिचं वर्ष गेलं! हे गणिताच्या मास्तरांना कोण समजावणार?

तज्ज्ञ होत्या शर्मिला कांबळे. मूळच्या नागपूरच्या, बोलणं मोजकं. त्यांच्या दवाखान्यात बाहेर आमच्या शेजारी चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. मुलाला आत पाठवलं असेल असं मला वाटलं, तर ते स्वतःच्याच चाचणीला आले होते. "लहानपणी राहून गेलं," असं म्हणून छान हसले. मला फार आवडला तो माणूस.

उत्कर्षाने दार लावू दिलं नाही, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. शर्मिलाताईंनी उतारा काढला तो चौथीच्याच पुस्तकातला. ह्यांनी मला कोपर मारलं. पेपर फुटल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. उत्कर्षा सुरू झाली, एक अडखळणं नाही. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं. डोळे उघडले तर शर्मिलाताईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि आमचं कन्यारत्न समोरच्या भिंतीकडे बघत पुढचं पान वाचतच होतं!

"सर, आत या," ताई म्हणाल्या. "तुमचे अपेक्षित प्रश्न संपले. आता अनपेक्षित घेऊ."

आम्ही दोघंही आत जाऊन बसलो. मग एक अनोळखी गोष्ट आली. पहिल्याच ओळीत उत्कर्षाचं बोट अडकलं, अक्षरं उलटीपालटी होऊ लागली. हे उठून मदतीला जाणार, तेवढ्यात मी त्यांचा शर्ट धरला. नंतर तीच गोष्ट ताईंनी वाचून दाखवली आणि प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. शिवाय गोष्टीतला म्हातारा उगाचच चिडतो, असं मत पोरीने वर दिलं.

आणखी दोन बैठका झाल्यावर ताईंनी निष्कर्ष सांगितला. बुद्धी उत्तम, अडचण फक्त वाचनाची. प्रश्न वाचून दाखवावेत, वेळ जास्त द्यावा.

"म्हणजे ती आळशी नाही?" ह्यांनी विचारलं.

"आळशी? वाचता येत नाही हे लपवायला तिने अख्खं पुस्तक कानाने पाठ केलंय. तुमच्या क्लासमध्ये आहे असा कुणी?"

 ह्यांनी उत्कर्षाला जवळ ओढलं आणि भर दवाखान्यात रडले. मीही रडले, पण आनंदाने. पोरगी मात्र दोघांकडे बघून वैतागली.

शाळेने अहवाल मान्य केला. वार्षिक परीक्षेला उत्कर्षाला वेगळ्या वर्गात बसवलं आणि तिच्या वर्गाच्या बाईंनी प्रश्न वाचून दाखवायचे असं ठरलं. पेपर संपल्यावर मी फाटकाशी उभी होते. उत्कर्षाआधी बाईच बाहेर आल्या, कपाळ पुसत.

"अहो, तुमची मुलगी मला श्वास घेऊ देत नाही," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्न वाचून होत नाही तोवर हिचं उत्तर सुरू! शेवटी तीच म्हणाली, 'बाई, तुम्ही दमलात. पाणी प्या सावकाश, मी थांबते.'"