मापावरची ओंजळ

“आता हे सांगितलं तं कोणी मानणार नाही,” रुपराव म्हणाले आणि हातातली इंजेक्शनची बाटली त्यांनी उजेडाला धरली. मग काय वाटलं कोण जाणे, ती न हलवताच पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.

बाकावरचा शालिकराम लगेच पुढे सरकला. धंतोलीतल्या डॉक्टर कृष्णकांतांच्या दवाखान्यात लोक जसे औषधाला येत, तसे रुपरावांच्या थापांनाही येत. लकडगंजातल्या धान्याच्या बाजारात या माणसाने वीस वर्षं मापाडी म्हणून काढली होती. एकदा सर्कशीतला वाघ तराजूत येऊन बसला, आपण नुसत्या नजरेने त्याचं वजन सांगितलं आणि वाघाने मान डोलावली, हे ते शपथेवर सांगत. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना इथे ठेवून घेतलं. काम साधं. पेशंट बसवायचे, सुया उकळायच्या, आणि गेल्या वर्षापासून व्हरांड्यातल्या फेऱ्या मोजायच्या.

शालिकरामशेजारी त्याची बायको गोपिका बसली होती. तिच्या हृदयाची झडप आकसलेली. दोन जिने चढली की ओठ निळे पडत. मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, येत्या वीस तारखेची. रेल्वेची तिकिटं शालिकरामच्या खिशात होती. इथून तो स्टेशनवर जाणार होता, ती परत करायला.

कारण औषध लागू पडलं होतं.

त्या औषधाचं शालिकरामला भारी कौतुक. तो कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, की शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. सगळी ताकद तिथे तयार होते. थकलेल्या हृदयात ते मंदावतात. हे औषध म्हणजे प्रथिनाचा एक लहानसा तुकडा, तो थेट त्या कणांना जाऊन चिकटतो. “म्हणजे एकेका पेशीत एकेक कोराडी,” शालिकराम म्हणाला होता, आणि डॉक्टर मनापासून हसले होते.

पण डॉक्टर नुसत्या कल्पनेवर जाणारे नव्हते. पेशंट सोळा घेतले. आठांना औषध, आठांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, रुपरावांना तर नाहीच. बाटल्यांवर फक्त आकडे. त्यांचा उलगडा मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या मित्राने लाखेने बंद केलेल्या पाकिटात. सहा महिने सुया टोचायच्या, आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाला बारा मिनिटं व्हरांड्यात चालायला लावायचं. किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहायचं. रुपराव पहिल्या फेरीला एक म्हणत नसत. बाजारातल्या सवयीने ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. पेशंटना त्याची गंमत वाटे.

दिवाळीनंतर पाकीट फोडलं. औषधवाल्यांच्या फेऱ्या सरासरी दोनाने वाढलेल्या. मिठाच्या पाण्यावरचे होते तिथेच. डॉक्टरांनी रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “हे सगळं तुमच्या मोजणीवर उभं आहे, रुपराव.”

त्या दिवसापासून रुपरावांनी वाघाची गोष्ट सांगितली नव्हती.

एकदा ते डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभे राहिले होते. मोजण्यात खोट आहे साहेब, इतकं बोललेही होते. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली, “वाघाने मान नव्हती का डोलावली?” असं विचारलं आणि हसत पुन्हा कागदात डोकं घातलं. रुपराव हात जोडून बाहेर आले होते.

“सांगा ना काकाजी,” शालिकराम म्हणाला. “डॉक्टरसायबांले अजून वेळ दिसते.”

आतल्या खोलीत डॉक्टर कोणाला तरी तपासत होते. दार अर्धं उघडं होतं. रुपराव बाकासमोरच्या स्टुलावर बसले. गोपिकेकडे त्यांनी पाहिलं नाही.

“आमच्या लकडगंजात एक मापाडी होता,” ते म्हणाले. “मधुकरराव नावाचा. आता तो नाही.”

या मधुकररावाचा शेठ म्हणे सज्जन माणूस. त्याने कुठूनसं ज्वारीचं नवं बियाणं आणलं. खरंच जास्त पिकतं का ते पाहायला अर्ध्या वावरात नवं पेरलं, अर्ध्यात जुनं. दोन्ही राशी वेगवेगळ्या पोत्यांत बाजारात आल्या, पोत्यांवर नुसते आकडे. कोणती कशाची हे मापाड्याला कळू नये, अशी शेठची सक्त ताकीद.

“पण त्याले कळलं,” रुपराव म्हणाले.

“कसं काय गा?”

“नवी ज्वारी पोत्यातून ओतली की तिचा फेस यायचा.”

शालिकराम खो खो हसला. ज्वारीचा फेस! गोपिका हसली नाही. तिची नजर ट्रेमधल्या बाटल्यांवर गेली. सुई भरण्याआधी रुपराव बाटली हलवायचे. तिच्या बाटलीत दर वेळी पांढरा फेस उठायचा. शेजारी बसून सुई घेणाऱ्या प्रयागबाईच्या बाटलीत तो कधी उठला नव्हता.

रुपराव पुढे सांगत राहिले. शेठचा जीव त्या बियाण्यात अडकलेला, हे मधुकररावाला दिसत होतं. आणि मापाड्याच्या हाताला एक खोड असते. माप भरलं, की गरजूच्या पदरात वर एक ओंजळ टाकायची. ती कोणी चोरी म्हणत नाही, पुण्यच म्हणतात. तर फेसाचं पोतं आलं, की मधुकररावाचा हात आपोआप ओंजळ टाकी. नवं आहे, जास्त भरणारच, आज नाही तर उद्या भरेल. मग आजच का नको? आधी एक ओंजळ. मग दोन.

“मंग?”

“मंग काय. शेठनं गावोगाव सांगितलं. लोकांनी घरातलं जुनं, खात्रीचं बियाणं फेकून देलं.” रुपरावांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “आता कोणी ते फेकाले निघालं असन, तं त्यानं फेकू नये. एवढंच माझं म्हणणं.”

शालिकरामचं हसू ओसरलं होतं, पण का ते त्याला उमगलं नव्हतं. त्याने उगाच खिसा चाचपला.

“अन् त्या मापाड्यानं?” हे गोपिकेने विचारलं. “त्यानं सांगितलं का शेठले?”

आतून कोणाला तरी श्वास धरायला सांगत असलेला डॉक्टरांचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

“सांगितलं ना,” रुपराव म्हणाले. “त्याच दिवशी. शेठसमोर उभा राहिला अन् पुरं सांगून टाकलं.”

गोपिकेने पदराखालचे हात बाहेर काढले. फेऱ्या घालताना ती तशीच चाले, दोन्ही हात पदरात. एकेक बोट तिने सावकाश मिटलं, उजव्या हाताची चार, डाव्या हाताची चार. अंगठे दोन्ही उभेच राहिले. ते हात तिने रुपरावांसमोर धरले. डॉक्टर दारात येऊन उभे होते. तिने त्यांना पाहिलं, तरी हात खाली घेतले नाहीत.

“पयल्या दिवशी आठ, अन् शेवटच्या दिवशीबी आठच,” ती म्हणाली. “तुम्ही दहा म्हणाले. मले गोड लागलं, मी चूप बसली.”

रुपरावांनी मान वर केली.

“खोटं सांगून राहिले तुम्ही, काकाजी. त्यानं नाही सांगितलं.”